समुद्रकाठचे घर निवडायला शिकवणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

सोलापूर

आदरणीय काकांना सविनय नमस्कार,

नाव छापायचे नाही, या आपल्या अटीचा मान राखून हे पत्र लिहीत आहे. ते खासगीत पाठवता आले असते. पण आपण आम्हाला जे समजावून सांगितले ते सोलापूर-लातूरकडच्या, समुद्र केवळ सहलीपुरता पाहिलेल्या इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे आभार चारचौघांत मानत आहे.

सुट्टीत गोव्याला शिकलेल्या विंडसर्फिंगची (शीड लावलेल्या फळीवर, म्हणजे बोर्डावर, उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून सरकण्याचा खेळ) दोन्ही मुलांना आणि आम्हा उभयतांना गोडी लागली. माझे काम टेरी टॉवेलच्या निर्यातीची कागदपत्रे सांभाळण्याचे, म्हणजे संगणकावर कुठूनही होण्यासारखे, त्यामुळे मुले शाळेत आहेत तोवर काही वर्षे समुद्राकाठी राहावे असे आम्ही ठरवले, तेव्हा घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढले. (हा खेळ १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०२३ मध्ये हांगझोउ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत इबाद अली यांनी त्यात भारताला कांस्यपदक मिळवून दिले, हे कळल्यावर सासऱ्यांचा विरोध जरा निवळला. आईचा अजून निवळलेला नाही.) अशा वेळी नौदलातून निवृत्त होऊन गोव्यात स्थायिक झालेले आपण, मूळचे मंगळवेढ्याचे म्हणून, एका स्नेह्यांमार्फत आम्हाला भेटलात.

पहिल्याच संभाषणात आम्ही आमच्या पसंतीचे किनारे एकामागून एक सांगत होतो. आपण ते ऐकून घेतलेत आणि एवढेच विचारलेत, की धाकटी दमली, तिच्या हातून शीड पाण्यात पडले आणि पुन्हा उचलेना, तर वारा तिला कुठे घेऊन जाईल? घर शोधताना आम्ही वाळू, स्वच्छता, भाडे आणि बाजारहाट यांची चौकशी केली होती. हा प्रश्न आम्हाला कोणत्याही दलालाने विचारला नव्हता आणि विचारलाही नसता.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आम्ही पाठ केले होते. त्यांचा मुलांच्या जिवाशी काय संबंध, हे मात्र आपल्यामुळे कळले. पश्चिम किनाऱ्यावर पहाटे आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो किनाऱ्यालगतचे पाणी सपाट ठेवतो, त्यामुळे नवख्याला ते फार सुरक्षित दिसते, आणि नेमका तोच वारा दमलेल्या माणसाला किनाऱ्यापासून दूर ढकलत नेतो. दुपारी जमीन तापली, तिच्यावरची हवा वर गेली, की समुद्रावरून खारा वारा सुटतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून मेपर्यंत तो आपल्याकडे बहुधा वायव्येकडून येतो आणि तीन ते पाचच्या सुमारास भरात असतो. हा वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे तिरका लागेल अशी जागा शोधा, म्हणजे मूल पडले तरी फार तर थोडे पुढे जाऊन वाळूला लागेल, हे आपले सूत्र आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

मग आपण आम्हाला कामाला लावलेत. काठीला सुताचा धागा बांधायचा आणि सकाळी नऊला, बाराला, तीनला व पाचला तो कोणत्या दिशेला उडतो ते लिहायचे. सोलापूरच्या माणसाकडे सुताला काय तोटा! यंत्रमागावरचे सूत गुंडाळलेले उरलेसुरले कोन आम्ही पिशवीत भरून नेले. खाडीच्या तोंडाशी नारळाचे सोडण पाण्यात टाकून त्याच्याबरोबर काठाने चालायचे, हे दुसरे काम. भरतीच्या अखेरीस ते जागच्या जागी डुलत होते. ओहोटी जोरात लागल्यावर त्याला गाठताना माझ्या मुलाला अक्षरशः पळावे लागले. नदीच्या मुखाशी शांत दिसणाऱ्या पाण्यात ओहोटीची ओढ कशी असते, हे त्याला पुन्हा सांगावे लागणार नाही.

प्रत्येक जागेविषयी आपण जे स्पष्ट बोललात, त्याचे मोल मला सर्वाधिक वाटते. अलिबाग पुण्या-मुंबईला जवळ म्हणून आमच्या यादीत वर होते. त्या पट्ट्यात उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, ओहोटीला लोक तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर चालत जातात, मग बोर्डाखालचे फिन (पाण्यात खाली उतरणारे पाते) घेऊन तुम्ही कुठे जाणार, असे आपण विचारलेत. गोव्यात हाच फरक साधारण दोन मीटरच्या आसपास राहतो. मालवण-तारकर्लीचे पाणी सुंदर. पण खडक आणि खुल्या समुद्राच्या लाटा पाहता मुलांनी आधी दुसरीकडे तयार व्हावे, असे आपले मत पडले. रामेश्वरमबद्दल तर आपण कौतुक करताना हात राखला नाहीत. उन्हाळ्यानंतर नैर्ऋत्येचा वारा, हिवाळ्यात ईशान्येचा, आणि अरुंद भूमीच्या एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी तर दुसऱ्या बाजूला मन्नारचे आखात, त्यामुळे एका बाजूला पाणी खवळले तरी दुसऱ्या बाजूला ते सपाट मिळते. केवळ वारा पाहायचा तर रामेश्वरमलाच जा, असे आपण गोव्यात राहत असूनही सांगितलेत. परंतु पाचवीतल्या मुलीची शाळा तमिळ मुलुखात हलवायची आणि आईलाही सोबत न्यायचे, हे आमच्या आवाक्याबाहेरचे होते.

शेवटी गोव्यात पणजीजवळच्या दोना पावलालगतचा, झुआरी नदीच्या मुखाकडचा भाग ठरला. त्यात शाळेच्या वेळेचा वाटा मोठा आहे, ही गंमत मुद्दाम सांगतो. गोव्यात बहुतेक शाळा सकाळी भरून दुपारी सुटतात, म्हणजे मुले जेवून उठेपर्यंत खारा वारा सुटलेला असतो. शिवाय शिडाची डोलकाठी दोन तुकड्यांत निघाली तरी अडीच-तीन मीटरचा बोर्ड जिन्याच्या वळणावर अडतो, म्हणून घर तळमजल्याचेच हवे आणि खारे पाणी धुऊन काढायला अंगणात गोड्या पाण्याचा नळ हवा, हेही आपण बजावलेत. आम्ही पाहिलेले एक प्रशस्त घर केवळ जिन्यापायी सोडले. सौभाग्यवतींना त्याची हळहळ अजून वाटते.

घर विकत घेऊ नका, आधी भाड्याने राहून एक पावसाळा काढा, या आपल्या सल्ल्यानुसार अकरा महिन्यांचा करार केला आहे. जून ते सप्टेंबर बोर्ड कोरडाच राहणार. मासेमारीच्या यांत्रिक होड्यासुद्धा जून-जुलैत बंदीमुळे काठावर असतात. ते महिने भिंतींची ओल, लोखंडाचा गंज आणि कंटाळलेली मुले यांच्यासह कसे जातात, ते पाहूनच पुढचे ठरवू. जानेवारीत वारा चांगला असला तरी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात यायचेच, ही आईची अट मात्र करारात नसूनही पाळावी लागणार आहे.

एवढा वेळ देऊन आपण मानधन घेतले नाहीत. उलट मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी तिकडे मनासारखी मिळत नाही, एवढेच बोलून गेलात. सामान हलवताना गाडीत जागा आहे. किती पायली आणू, दळून हवी की धान्यच, ते कृपया कळवावे.

आपला स्नेहांकित,
सोलापूरचे एक ऋणी कुटुंब