डॉनचा नकार कशासाठी होता?

प्रिय निखिल,
अनेक आशीर्वाद.

‘द गॉडफादर’ पाहून तू लिहिलेस की व्हिटो कॉर्लिओनी गुन्हेगार असला तरी तत्त्वाचा माणूस आहे, कारण अमली पदार्थांच्या धंद्यात हात घालण्यास हा डॉन, म्हणजे टोळीप्रमुख, नकार देतो; आणि बंदीमुळेच भ्रष्टाचार फोफावतो, तेव्हा सगळे अमली पदार्थ खुले करावेत, असे तू निबंधात मांडणार आहेस. मला हे मान्य नाही. तू कायद्याचे शिक्षण घेत आहेस, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

तो प्रसंग पुन्हा लक्षपूर्वक पाहा. अमली पदार्थांचा व्यापारी सोलोझो दहा लाख डॉलरचे भांडवल मागतो, पण त्याला खरी निकड आहे ती डॉनच्या खिशातल्या पुढाऱ्यांची आणि पोलिसांच्या अभयाची, आणि त्याबदल्यात तो नफ्यातला 30 टक्के वाटा देऊ करतो. डॉन उत्तर देताना स्पष्ट सांगतो की कोण पोटासाठी काय करतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जुगार हा निरुपद्रवी नाद आहे असे मानून काणाडोळा करणारे न्यायाधीश आणि पुढारी या मालाचे नाव निघताच आपली मैत्री सोडतील, एवढीच त्याची भीती आहे. यात नीती कुठे आहे? हा शुद्ध हिशेब आहे. त्याआधी डॉनचा सल्लागार टॉम हेगन याने दिलेला सल्ला तर मला साऱ्या चित्रपटाची किल्ली वाटतो: आपण या धंद्यात उतरलो नाही तर दुसरे उतरतील, त्या पैशातून ते अधिक पोलीस आणि अधिक राजकीय सत्ता विकत घेतील, आणि मग आपल्यावरच चालून येतील. पुढे नेमके तसेच घडते. सोलोझोची माणसे डॉनवर गोळ्या झाडतात, सोलोझोच्या पगारावर असलेला पोलीस कॅप्टन मॅक्लस्की रुग्णालयातल्या जखमी डॉनचे पहारेकरी हटवतो, आणि डॉनचा मुलगा मायकेल त्या दोघांनाही ठार करतो तेव्हा त्याची भिस्त असते ती कॉर्लिओनी घराण्याच्या पगारावरील पत्रकारांवर. कॅप्टन भ्रष्ट होता ही बातमी खरीच होती. पण ती छापून येते ती एका टोळीला तिचा उपयोग आहे म्हणून, ही गोष्ट मला खुनापेक्षाही अधिक अस्वस्थ करते.

हे जग आभाळातून पडले नव्हते. जानेवारी 1920 मध्ये अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली आणि शिकागोत अल कपोनसारख्या टोळीप्रमुखांनी पोलिसांना, नगरसेवकांना आणि न्यायालयांना हप्त्यावर बांधले. डिसेंबर 1933 मध्ये बंदी उठली, दारू परवान्याच्या दुकानात आली, पण टोळ्यांनी उभारलेली यंत्रणा आणि अधिकाऱ्यांना लागलेली हप्त्याची चटक मागे उरली. अफू आणि कोकेनवर 1914 च्या हॅरिसन कायद्यापासूनच निर्बंध होते. 1951 आणि 1956 च्या कायद्यांनी किमान शिक्षा सक्तीच्या केल्या. चित्रपटाची कथा साधारण 1945 ते 1955 या काळात घडते, म्हणजे शिक्षा वाढत होत्या त्याच वर्षांत गुन्हेगारांची ही घराणी या धंद्याला मान्यता देत आहेत. बेकायदा माल विकणाऱ्याला न्यायालयात दाद मागता येत नाही. त्याला एकच वस्तू हवी असते, ती म्हणजे अभय, आणि ती फक्त कायद्याच्या रखवालदाराजवळ असते. शिक्षा जितकी कठोर, तितका त्या अभयाचा भाव चढतो.

पाच माफिया घराण्यांच्या बैठकीत प्रतिस्पर्धी डॉन बार्झिनीची तक्रारही हीच आहे: न्यायाधीश आणि पुढारी कॉर्लिओनीच्या खिशात आहेत आणि तो त्यांचा लाभ इतरांना देत नाही. त्याच बैठकीत झालुची नावाचा आणखी एक टोळीप्रमुख म्हणतो की शाळेजवळ हा माल नको, मुलांना नको, फक्त कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत विकावा. आणि कोणी हरकत घेत नाही. ज्याला तू तत्त्वाचा माणूस म्हणालास तो या माणसांतलाच एक आहे. पुढे न्यूयॉर्क राज्याने 1973 मध्ये दोन औंस माल विकल्याबद्दल किमान 15 वर्षांचा तुरुंगवास ठरवला, तेव्हा तुरुंग भरले तेही प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांनीच.

चित्रपट प्रदर्शित झाला त्या 1972 सालीच न्यूयॉर्क पोलिसांतील भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या नॅप आयोगाचे काम पुरे झाले. फ्रँक सर्पिको या पोलिसाने तोंड उघडल्यामुळे तो आयोग नेमावा लागला होता. त्याच वर्षअखेरीस उघड झाले की ‘फ्रेंच कनेक्शन’ या फ्रान्सहून होणाऱ्या तस्करीच्या प्रकरणात जप्त केलेले हेरॉइन पोलिसांच्याच मुद्देमाल कोठारातून गायब झाले असून त्याच्या जागी पांढरी भुकटी ठेवलेली आहे. पटकथाकाराला याहून अधिक कल्पना करावी लागली नसती.

आपल्याकडेही 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टी आणि हप्ता यांचे नाते असेच जुळले. तुझे आजोबा त्याविषयी बोलत तेव्हा त्यांचा राग गुत्तेवाल्यापेक्षा हवालदारावर अधिक असे.

म्हणून सगळे खुले करून टाकावे, हा तू काढलेला निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो. दारू परवान्याने विकली गेल्यामुळे टोळ्यांचा तो धंदा बसला हे खरे, पण दारूने मोडणारी घरे मोडायची थांबली नाहीत, आणि हेरॉइन तर दारूपेक्षा कितीतरी लवकर माणसाला गिळते. पोर्तुगालने 2001 पासून वेगळी वाट धरली आहे: स्वतःपुरता सुमारे दहा दिवसांचा साठा बाळगणाऱ्याला फौजदारी न्यायालयात न नेता कायदा, आरोग्य आणि समाजकार्य यांतील जाणकारांच्या समितीपुढे नेतात, विक्री मात्र गुन्हाच राहते. व्यसनी माणसाला अटकेचा धाक घालून पैसे उकळण्याची संधी त्यामुळे बरीच कमी होते, असे मला वाटते; पण विक्रेत्याच्या अभयाचा बाजार तिथेही उरतोच, आणि त्यावर काय करावे याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तुझ्या निबंधात या शेवटच्या मुद्द्यावर तू काय मांडतोस ते मला वाचायचे आहे. मसुदा तयार झाला की पाठव.

तुझी,
आई