औदुंबरवाल्या बाईंना मनापासून थँक्यू

बाई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून असं जाहीर लिहितेय, ठाण्यातलं कोणी ओळखत असेल तर प्लीज त्यांच्यापर्यंत पोचवा.

मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ सालचं, बालकवींहून तीनच वर्षांनी लहान!) माझी लेक बालकवींच्या 'औदुंबर' कवितेवर उत्तर लिहायला बसलेली, म्हणजे रडकुंडीला आलेली. क्लासमध्ये सांगितलेलं की काळा डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्ती, पाठ करा आणि पुढे चला. 'गोड काळिमा' म्हणजे काळिमा गोड कसा काय, असं हिनं विचारलं तर पोरं हसली, आणि पोरांचं सोडा, सर पण हसले. एवढी फी घेऊन हे!

तुम्ही शेजारच्या खुर्चीवरून एवढंच म्हणालात, अर्थ राहू दे, कोण काय करतंय ते बघ. झरा वाहतो, पायवाट चालते, औदुंबर बसतो. मग रंग शोधायला लावलेत, हिरवा, निळासावळा, पांढरा आणि शेवटी काळा. कविता आठच ओळींची, पण तुम्ही घाई केली नाहीत की एक उत्तर आयतं दिलं नाहीत. आणि ही एकदम म्हणाली, "अहो पण यात माणूसच नाहीये! गाव आहे, मळे आहेत, वाट आहे, माणूस कुठंय? म्हणून झाडच माणसासारखं पाण्यात पाय टाकून बसलंय."

तुम्ही पर्समधनं छोटी डायरी काढलीत आणि तिचं वाक्य लिहून घेतलंत. "हे मला नव्हतं गं सुचलं," म्हणालात.

बाई, आजवर तिच्या वहीवर 'नोट्सप्रमाणे लिहा' हाच लाल शेरा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली तरी हिचं आपलं "आई, त्यांनी लिहून घेतलं" चालूच. ओळख ना पाळख, दुसऱ्याच्या पोरीसाठी संध्याकाळ घालवायची आणि वर चहालाही नाही म्हणायचं, अशी माणसं अजून आहेत म्हणून बरं चाललंय.

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. बाबा म्हणतात औदुंबर निवांत बसलाय, लेक म्हणते एवढ्या काळ्या पाण्यात कोण निवांत बसतं. शनिवारी आम्ही परत येतोय, तुम्ही असाल तर तुम्हीच सांगा काय ते. म्हणजे सांगणार नाहीच तुम्ही, उलटा प्रश्नच विचाराल, पण या.