कॅन्सल केलेली ऑर्डर मॅच झालीच कशी? उत्तर द्या

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: गोल झाल्यानंतर माझी जुनी ले ऑर्डर (टीम जिंकणार नाही यावरची बेट) मॅच केल्याबद्दल, म्हणजे समोरच्याच्या बेटशी जुळवल्याबद्दल (तिसऱ्यांदा लिहितोय)

नमस्कार,

आधीच्या दोन्ही मेलना तुमचं तेच तयार उत्तर आलं, "बेटिंगमध्ये जोखीम असते, जबाबदारीने खेळा". अहो, तुमच्या एक्सचेंजवर (जिथे ग्राहक एकमेकांशीच बेट लावतात) कोण जिंकणार यावर मी पैसे लावतच नाही. मी दोन्ही बाजूंना भाव लावून बसतो, 2.00 ला ले आणि 2.04 ला बॅक (टीम जिंकणार यावरची बेट; भाव 2.00 म्हणजे 100 लावून जिंकलं तर मूळ धरून 200 परत), दोन्ही मॅच झाल्या की 500 मागे साधारण 10 सुटतात आणि तुमचं 5 टक्के कमिशन गेलं की हातात साडेनऊ. एवढ्यासाठी तासन्‌तास रांगेत पडून राहायचं, कारण एकाच भावाला ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी, आणि भाव एक टिक (सगळ्यात लहान पायरी) जरी हलवला तरी परत शेपटाला. तुमच्याकडे येणाऱ्याला बटण दाबताच बेट मिळते ना, ती आमच्यासारखे कोणीतरी आधीच भाव लावून बसलेले असतात म्हणून.

तर झालं असं. 38 वं मिनिट, 0-0, यजमान टीमवर माझी 500 ची ले 2.00 ला पडून होती. त्यांनी गोल केला. माझ्या बॉटने (आपोआप ऑर्डर टाकणारा-काढणारा प्रोग्राम) एका सेकंदाच्या आत कॅन्सल पाठवलं, लॉगमध्ये वेळ आहे. तुमच्या सर्व्हरने ते 'पेंडिंग' म्हणून धरून ठेवलं, पाचव्या सेकंदाला ती अख्खी 500 मॅच झाली आणि मार्केट सस्पेंड झालं, म्हणजे बेटिंग थांबलं, आठव्या सेकंदाला! परत उघडलं तेव्हा भाव 1.40. तिथे 714 ची बॅक टाकून बाहेर पडलो, कोणीही जिंको माझे 214 गेले, म्हणजे बावीस-तेवीस वेळा साडेनऊ साडेनऊ करून जमवलेलं एका फटक्यात साफ.

आता लाइव्हमध्ये नवीन बेट तुम्ही 5 सेकंद थांबवता ते कशासाठी? मैदानात बसलेल्याला गोल लगेच दिसतो, टीव्हीवाल्याला काही सेकंद उशिरा, म्हणून ज्याने भाव लावून ठेवलाय त्याला आपली ऑर्डर काढून घ्यायला वेळ मिळावा यासाठीच ना? नियम चांगलाच आहे. पण काढायची ऑर्डरही तितकाच वेळ अडकवून ठेवली तर त्या 5 सेकंदांना अर्थ काय राहिला, समोरचा गोल बघून बेट टाकून थांबला, माझं कॅन्सलही थांबलं, आणि हा आयत्या बिळावर नागोबा. त्याच्यावर राग नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीपण घेतली असती.

माझंही चुकलं, एकाच भावाला 500 ठेवायला नको होती, तुकडे करायला हवे होते, मान्य. गोल झाला आणि भाव उडाला याबद्दल तर माझी तक्रारच नाही, तसे फटके या धंद्यात बसतातच आणि ते मी याआधी निमूटपणे खाल्लेत.

आणि महिन्याच्या शेवटी काय दिसलं, तर जास्त ऑर्डर-कॅन्सल केल्याचा वेगळा चार्ज! त्या यादीत हे कॅन्सलसुद्धा मोजलंय. म्हणजे चार्ज लावण्यापुरतं ते तुमच्याकडे वेळेत पोचलं होतं, ऑर्डर काढण्यापुरतं नव्हतं.

माझं म्हणणं इतकंच की गोलनंतर मॅच झालेली ती ले रद्द करून माझे 214 परत करा, त्या कॅन्सलचा चार्जही काढा, आणि माझं कॅन्सल किती वाजता आलं आणि कितीला लागू झालं ते तुमच्या सर्व्हरच्या नोंदीतून मिलिसेकंदासकट पाठवा. कॅन्सलला थांबा लावणं हा तुमचा नियमच असेल तर तो कुठे लिहिलाय ते दाखवा, मला तरी सापडला नाही. माझा लॉग सोबत जोडलाय, यावेळी उत्तर देण्याआधी तो कृपया कोणीतरी उघडून बघा.

तुमचा एक ग्राहक