गॅलंट्री म्हणजे दर वेळी शौर्य नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर दिल्लीहून पदकांच्या याद्या येतात, आणि मराठी दैनिकांत सगळ्यांना सरसकट 'शौर्यपदक' देऊन टाकले जाते. माढा, बार्शी, सांगोल्याच्या जवानाच्या घरी ते कात्रण फ्रेम होते, तोच मजकूर सोलापुरातल्या चार पुतळ्यांजवळच्या फ्लेक्सवर चढतो. मग चूक निस्तरणार कोण?

इंग्रजी यादीत 'गॅलंट्री' असेल तिथेच शौर्य म्हणावे. सेना मेडल शौर्यासाठी मिळते तसे कर्तव्यनिष्ठेसाठीही मिळते. पदक तेच, फरक पुढच्या कंसात. भाषांतरात नेमका तो कंसच गळतो. परम विशिष्ट सेवा आणि अति विशिष्ट सेवा ही पदके सेवेची. युद्ध सेवा मेडलच्या नावात युद्ध असले तरी तेही सेवेचेच. पोलिसांच्या यादीतही शौर्य, विशिष्ट सेवा आणि गुणवत्तापूर्ण सेवा असे वेगवेगळे गट असतात. 'बार टू सेना मेडल' दिसले की अनेकांची गाडी अडते. बार म्हणजे तेच पदक पुन्हा मिळाल्याची, फितीवर लावायची पट्टी. 'दुसऱ्यांदा सेना मेडल' असे लिहिले की काम झाले.

चक्रांचा घोळ आणखी मोठा. परमवीर, महावीर आणि वीरचक्र शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्यचक्र एरवीच्या पराक्रमासाठी. मानाचा क्रम मात्र आलटून पालटून लागतो: परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य. यांतल्या अशोक, कीर्ती आणि शौर्य या तिघांची आजची नावे १९६७ पासूनची. त्याआधी अशोकचक्राचेच वर्ग १, २ आणि ३ होते. म्हणूनच 'जवानाला शौर्य पुरस्कार' हा मथळा फसवा. सेना मेडल मिळालेल्याला वाचक शौर्यचक्र बहाल करून बसतो. हा नुसता शब्दांचा कीस नाही. चक्रविजेत्यांना रेल्वेचा मोफत प्रवास पास मिळतो, शौर्यपदकांच्या पेन्शनला आयकरातून सूट असते. कात्रण घेऊन कार्यालयात गेलेल्या कुटुंबाला मूळ अधिसूचना दाखवावीच लागते, आणि तिथे 'सेवा' लिहिलेले असले की हेलपाटा वाया.

जुने इंग्रजी साहित्य किंवा पत्रव्यवहार मराठीत आणणाऱ्यांची अडचण याच्या उलट. तिथे गॅलंट्री दिसली की तलवारच आठवते. मुळात हा शब्द मौजमजा करणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदाच्या कुळातला. त्यामुळे त्यात रणांगण आहे, भपकेदार पोशाख आहे, बायकांशी अदबीने वागणे आहे आणि रंगेलपणाही आहे. अठराव्या शतकातल्या मजकुरात एखाद्या सरदाराच्या 'गॅलंट्रीज' असे अनेकवचन आले, तर बहुधा ती प्रेमप्रकरणेच समजावीत. 'पराक्रम' लिहाल तर हसे होईल. स्त्रीला आधी बसायला जागा देणाऱ्याच्या गॅलंट्रीला आपल्याकडे 'दाक्षिण्य' हा नेमका शब्द तयार आहे. गंमत म्हणजे संस्कृत काव्यशास्त्रातला 'दक्षिण' नायकही तसाच: मन दुसरीकडे गुंतलेले, पण पहिलीशी वागण्यात कसूर नाही! ब्रिटिश संसदेतला 'ऑनरेबल अँड गॅलंट मेंबर' मात्र शूर असेलच असे नाही. सैन्यात अधिकारी राहिलेल्या सदस्याला उद्देशून म्हणायची ती रीत होती.

उपसंपादकांना एकच विनंती: पुढच्या यादीच्या वेळी इंग्रजी प्रत शेजारी ठेवा आणि कंसासकट छापा. जागा कमी पडली तर सत्काराला आलेल्या पाहुण्यांची नावे कापावीत.

कळावे,
एक वाचक, सोलापूर