फोटोतले दोघंही एकाच जातीचे आहेत

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सीगलचा मोठा फोटो छापलाय, खाली ओळ आहे की 'दोन वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकाच खडकावर'. फोटो एकदम झकास, त्यात वादच नाही, पण ओळ चुकलीये. पांढरा-करडा दिसतोय तो हेरिंग गल (गल म्हणजे सीगलच), गुलाबी पाय, पिवळी चोच, आणि शेजारचा मातकट ठिपक्यांचा जो दुसऱ्या जातीचा म्हटलाय तो त्याचंच पिल्लू आहे, अंगाने जवळपास आईबापाएवढं झालेलं. नीट बघा, मान आत ओढून वाकून बसलंय आणि चोच मोठ्याच्या चोचीकडे नेतंय, म्हणजे सरळ खायला मागतंय, परक्या जातीच्या पक्ष्याकडे असं कोण कशाला मागेल.

मोठ्याच्या खालच्या चोचीवर जो लाल ठिपका आहे ना, सगळा खेळ त्याचाच. पिल्लू त्यावर टोचतं मग आईबाप गिळलेलं ओकून देतात. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी पुठ्ठ्याची डोकी करून ठिपक्याचे रंग बदलून बदलून हे तपासलं, आणि गंमत म्हणजे पांढरे पट्टे असलेल्या बारीक लाल काडीवर पिल्लांनी खऱ्यासारख्या डोक्यापेक्षाही जास्त टोचा मारल्या. 1973 च्या नोबेलमध्ये लॉरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत ते होते.

माझं म्हणणं एवढंच की गल दिसला की आधी वय बघायचं, जात नंतर. हेरिंग गलसारख्या मोठ्या गलना पूर्ण पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात, लहान जातींचं दोन वर्षांत उरकतं. मधल्या काळात पाठ थोडी करडी थोडी तपकिरी, काळी चोच बुडापासून फिकी होत जाते, गडद डोळा पिवळट होतो, शेपटीवरचा काळा पट्टा जातो, त्यामुळे एकाच थव्यात चार जाती आहेत असं वाटतं आणि असते एकच. बरं मोठा झाल्यावर तरी सुटका आहे का, तर नाही. ब्लॅक-हेडेड गलचं डोकं उन्हाळ्यात चॉकलेटी (काळं नाहीच ते!) आणि थंडीत पांढरं, डोळ्यामागे फक्त एक काळसर डाग.

सोबतच्या चौकटीत सुरय, म्हणजे टर्न, वेगळ्या कुळात टाकलेत. पूर्वी बरेच जण तसं करायचे, आता गल, टर्न आणि खालची चोच वरच्यापेक्षा लांब असलेले स्किमर, तिन्ही लॅरिडी या एकाच कुळात धरतात. दिसायला फरक आहेच, टर्न सडपातळ, चोच टोकदार, हवेत थबकून पाण्यात सूर मारणार, गल जाडजूड, चोचीला टोकाशी बाक, निवांत पोहणार. पण दुभंगलेली शेपटी दिसली की टर्न हा चौकटीतला नियम सगळीकडे चालत नाही, गालापागोस बेटांवरच्या स्वॅलो-टेल्ड गलची शेपटी दुभंगलेलीच असते, आणि तो रात्री शिकार करतो हे वेगळंच. अल्बाट्रॉसला 'मोठा सीगल' म्हटलंय ते मात्र खरंच नको होतं, त्याच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात, तो गणच वेगळा.

आणखी एक. हेरिंग गलच्या जाती उत्तर ध्रुवाभोवती साखळीने पसरत गेल्या आणि दोन टोकं युरोपात भेटली तेव्हा ती एकमेकांना परकी झाली होती, ही गोष्ट चौकटीत पक्की म्हणून दिलीये. गोष्ट सुंदर आहे, उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये मांडली आणि कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकात होती, पण 2004 मध्ये डीएनए तपासलं तर ती तशी जुळली नाही. त्याच सुमाराला लॅरस या एका प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, शास्त्रीय नावाचा पहिला शब्द तोच) कोंबलेले बरेच गल वेगळे काढले गेले, म्हणून जुन्या पुस्तकातलं शास्त्रीय नाव आणि नव्यातलं जुळत नाही, वरच्या ब्लॅक-हेडेड गलचंच लॅरसचं क्रॉइकोसेफॅलस झालं.

पुढच्या वेळी एक करा, फोटोखाली महिना छापा, त्यावरून पिसाऱ्याचा अंदाज येतो. आणि जमलं तर पंख पसरलेला फोटो निवडा, टोकाच्या काळ्या पिसांवरचे पांढरे ठिपके बसलेल्या पक्ष्यात अर्धेच दिसतात.

आपला,
एक नियमित वाचक