उचलायची तर दोन इंच

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

पिकअप दोन इंच उचलू की तीन, असं विचारलंस. गाडी रोज चालवायची आहे, तर दोन. खरं म्हणजे ४० ते ५० मिलिमीटर, बस. तीन इंचवाल्या गाड्या फोटोत रुबाबदार दिसतात, पण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात ते) असलेल्या गाडीत पन्नासच्या पुढे गेलं की भार सीव्ही जॉइंटवर (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावर), चाकाला धरणाऱ्या वरच्या आर्मच्या बॉलजॉइंटवर आणि स्टिअरिंगवर येतो. मग वरचे आर्म बदला, पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खाली घ्या, असं एकातून एक काम निघत जातं.

त्याआधी उंची नेमकी कशासाठी हवी ते ठरव. सस्पेन्शन उचललं की चॅसी वर जाते. मागचा ॲक्सल होता तिथेच राहतो. खडबडीत वाटेवर दगड लागतो तो बहुतेकदा मागच्या डिफरन्शियलच्या पोटाला, आणि ते पोट वर जातं फक्त मोठ्या टायरने, तेही व्यासातल्या फरकाच्या निम्मंच. २६५/६५ आर१७ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, २६५/७० आर१७ चा ८०३. म्हणजे ॲक्सल जेमतेम साडेतेरा मिलिमीटर वर आणि स्पीडोमीटर आधीपेक्षा साधारण साडेतीन टक्के कमी दाखवणार. कधी कधी एवढा टायर काहीही न उचलता बसतो. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, गाडी मागेपुढे घेऊन, लायनरला किंवा मडगार्डला घासतो का ते पाहा. नाही घासला आणि तेवढ्याने भागत असेल, तर बाकीचं पत्र सोडून दिलंस तरी चालेल.

उचलायचंच ठरलं तर पहिला मोह स्पेसरचा होतो, कारण तो स्वस्त आणि अर्ध्या दिवसात बसतो. पुढच्या शॉकअपच्या माथ्यावर एक चकती, झालं काम. शॉकअप खालच्या आर्मवर आतल्या बाजूला बसतो आणि चाक टोकाला असतं, त्यामुळे २५ मिलिमीटरची चकती चाकापाशी ४५-५० ची उंची देते. हे माहीत नसलं की लोक ५० मिलिमीटरची चकती मागवतात आणि गाडीचं नाक आभाळात जातं. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. चकतीमुळे शॉकअप लांब झाल्यासारखा होतो. चाक खड्ड्यात लटकलं की आर्म पूर्वीपेक्षा खाली जातो, मग वरचा आर्म स्प्रिंगला टेकू शकतो. उलट चाक पूर्ण वर दाबलं गेलं की आर्म बम्पस्टॉपला (त्याला थांबवणाऱ्या रबराला) लागायच्या आत शॉकअपच आतून आपटतो. दुसऱ्या प्रकारची चकती स्प्रिंगच्या आत बसते. तिच्यामुळे शॉकअपची लांबी बदलत नाही, पण गाडी वर बसल्यामुळे चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि स्पीडब्रेकर उतरताना ठक्क असा आवाज येतो. नाक फक्त २० मिलिमीटर उचलायचं असेल तर स्पेसर ठीक. त्यापुढे मी घेऊ देणार नाही.

चांगला मार्ग म्हणजे नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप, चारही कोपऱ्यांना. इथे उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं. स्प्रिंग निवडायची ती गाडीवर कायम काय बसणार आहे त्यावरून: पुढे लोखंडी बुलबार, विंच, दुसरी बॅटरी; मागे हौद्यावर टप किंवा अवजारांची पेटी. महिन्यातून एकदा येणारं ओझं यात धरायचं नाही. शंभर किलो जादा वजनासाठी बनवलेली पुढची स्प्रिंग रिकाम्या नाकाला लावलीस, तर गाडी ठरल्यापेक्षा जास्त उचलली जाईल आणि प्रत्येक सांध्यावर उडेल; दोष मात्र शॉकअपला दिला जाईल. म्हणून आधी वजनकाट्यावर जा. एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर घे, एकदा पूर्ण गाडी. वजाबाकीने मागचं वजन निघतं. आणि स्प्रिंग कडक केली म्हणून कंपनीने ठरवलेली भारक्षमता वाढत नाही, हे लक्षात ठेव.

मागची स्प्रिंग म्हणजे पाटे. तिथे चार वाटा आहेत. ॲक्सल आणि पाट्यामध्ये ठोकळा घातला तर जोरात निघताना ॲक्सलचा पीळ पाट्यांवर जास्त येतो. ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच नको. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) जितकी वाढवशील त्याच्या साधारण निम्मी उंची देते, पण ॲक्सलचा कोनही फिरवते. एक जादा पाटा घातला तर रिकामी गाडी कडक होते. चौथी वाट पूर्ण नवा पाट्यांचा संच, मध्यम भाराचा. रोजच्या गाडीला माझं मत यालाच. मागची बाजू पुढच्यापेक्षा २०-२५ मिलिमीटर उंच राहू दे. गाडी अगदी समतल केलीस तर हौदा भरल्यावर शेपूट बसेल आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातील.

बसवताना तू शेजारी उभा राहा. काम सुरू होण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही ठिकाणी लिहून ठेव. जमिनीपासून मोजू नको, टायरमधल्या हवेने ते फसवं होतं. गाडी जॅकवर नको, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवी. स्प्रिंग शॉकअपवर दाबून भरलेली असते. गाडीवर असताना वरचा मधला नट कोणी सोडू लागला तर तिथेच थांबव. प्रेसवर जुळवलेला तयार संच आणला तर ही भानगडच नाही. मागचे यू-बोल्ट नवेच. एकदा ताणले गेलेले पुन्हा वापरले की पकड सुटते.

सगळ्यात जास्त चूक होते ती बुशांमध्ये, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्यांमध्ये. खालच्या आर्मचे आणि पाट्यांच्या डोळ्यांचे बोल्ट चाकं लटकत असतानाच कसून टाकतात. मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, करकर येते, बुश लवकर फाटतात आणि उंचीही चुकते. हे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवून दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग टॉर्क पान्याने कसायचे. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासायचे, हजारला आणखी एकदा.

त्याच दिवशी अलाइनमेंट. पुढून उचललं की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बरोबर आहे म्हणून समाधान मानू नको, कॅस्टरचा आकडा छापून माग. तो पुस्तकातल्या मर्यादेत येतच नसेल तर उंची जास्त झाली आहे, किंवा वरचे आर्म बदलावे लागतील. नवे पाटे आणि स्प्रिंग थोडे बसतात, म्हणून हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी.

मागच्या ॲक्सलजवळ एक दांडी असलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह आहे का ते बघ, काही पिकअपना असतो. हौद्यात माल किती आहे ते तो ॲक्सलच्या अंतरावरून ओळखतो. गाडी उचलली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरल्या गाडीतही मागच्या ब्रेकला दाब कमी सोडतो. त्याचा ब्रॅकेट उंचीच्या हिशेबाने हलवावाच लागतो. चाकं लटकवून ब्रेकचे होस आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, तेही पाहा. जागेवरून निघताना सीटखाली थरथर जाणवली, तर मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दोन तुकड्यांच्या शाफ्टचं मधलं बेअरिंग पातळ स्पेसरने खाली घ्यायचं. क्लच बदलायला लागू नका.

दिव्यांसाठी काम करण्याआधीच गाडी समतल जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी कर. दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा लो बीमची वरची कड किती खाली पडते ते मोज. नंतर तेवढाच फरक ठेवायचा. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचार, आणि नोंदणीच्या नियमात बसतं का तेही.

आणि हो, पायरी लावून घे. आईच्या गुडघ्यांना ५० मिलिमीटरही जास्त आहेत, ती चढताना उजव्या हाताला धरायला दांडी आहे का तेही बघ.

चार मापं आणि काट्याची पावती पाठव, मग स्प्रिंगचा नंबर ठरवू. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
दादा