कॅमकॉर्डर घेताना आधी आवाज ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवासासाठी आणि घरगुती चित्रणासाठी कॅमकॉर्डर कसा निवडावा, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. फोर-के (म्हणजे जास्त बारकाव्यांचं चित्र), झूम, वजन, बॅटरी हे सगळं त्यात नीट समजावलं आहे. आवाजाविषयी मात्र एकच ओळ आहे: मायक्रोफोन कॅमेऱ्यातच असतो. त्या एका ओळीपायी हे पत्र लिहिते आहे. मी पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आणि घरातल्या चित्रणाचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

आमचा पहिला कॅमेरा मिनी-डीव्ही कॅसेटचा होता. कॅसेटचा हा प्रकार १९९५ साली आला, एका कॅसेटवर साठ मिनिटं मावायची. त्यावर मी माझ्या वडिलांचं, अप्पांचं, समुद्रकिनाऱ्यावर चित्रण केलं. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा आपण घाबरून का पळालो, ते अप्पा वाळूत बसून सांगत होते. मी दहा-बारा पावलांवर उभी होते आणि झूम करून त्यांचा चेहरा पडदाभर घेतला होता. कपाळावरच्या आठ्या मोजता येतील इतकं लख्ख चित्र आलं. आवाज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता वाऱ्याचा. मध्येच ‘आई’ एवढा एक शब्द कळतो आणि पुन्हा घरघर. अकरा मिनिटं तशीच. अप्पा गेल्यावर आम्ही भावंडांनी ती कॅसेट कितीदा तरी लावली, ओठांकडे बघत शब्द जुळवून पाहिले. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नव्हती आणि आम्हीही कधी विचारली नव्हती.

त्याच कॅसेटच्या शेवटी पाऊण मिनिटाचा एक तुकडा आहे. खोलीत उजेड बेताचाच, त्यामुळे चित्रभर करडे ठिपके वळवळतात. अप्पा मनगटी घड्याळाला किल्ली देताहेत आणि मी अगदी हातभर अंतरावर आहे. किल्लीची करकर स्वच्छ ऐकू येते. मग ते वर बघून विचारतात, ‘चालू झालं का गं?’ आमच्याकडे सगळ्यांत जास्त पाहिला जातो तो हाच तुकडा. माझ्या नातीला पणजोबा ठाऊक आहेत ते या चार शब्दांमुळे.

असं का होतं, ते सांगते. झूम केल्यावर चित्र जवळ येतं, मायक्रोफोन मात्र आपण उभे असतो तिथेच राहतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की बोलण्याची तीव्रता एक चतुर्थांश उरते. वारा मात्र थेट मायक्रोफोनच्या तोंडावर आदळत असतो. कॅमेऱ्यातली वाऱ्याची सेटिंग खालच्या पट्टीतली घरघर थोडी कापते, पण जोराच्या वाऱ्यात तेवढ्यानं भागत नाही. मायक्रोफोनवर फोमचं किंवा केसाळ कव्हरच लागतं.

म्हणून माझी पहिली अट अशी की कॅमेऱ्याला बाहेरचा मायक्रोफोन जोडायची सोय हवी आणि हेडफोनची पिन लावायला जागा हवी. छोट्या कॅमेऱ्यांत बऱ्याचदा यातलं एक तरी वगळलेलं असतं, आणि ते घरी आल्यावरच लक्षात येतं. दुकानात असतानाच मिनिटभराचं रेकॉर्डिंग करा. बरोबरच्या माणसाला दहा पावलांवर उभं करून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा, आणि ते हेडफोन लावून ऐका. चालू रेकॉर्डिंगमध्ये झूमचं बटण दाबून बघा. काही कॅमेऱ्यांत झूमच्या मोटरची गुणगुण बोलण्यात मिसळते.

बाकीचं थोडक्यात. झूम बघताना फक्त ऑप्टिकलचा, म्हणजे लेन्सनं होणाऱ्या झूमचा, आकडा बघावा. डिजिटल झूम टिपलेलंच चित्र ताणून मोठं करतो. चालत्या गाडीतून किंवा हातात धरून चित्रण करायचं असेल तर स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी चित्र फारसं न हलू देणारी सोय, लेन्समधलं असलेलं बरं. घरात संध्याकाळचं चित्रण जास्त होणार असेल तर मोठा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, कामाला येतो.

फोर-केशिवाय घेऊच नये, हे लेखातलं मत मला पटलं नाही. फोर-केमध्ये फुल एचडीच्या, म्हणजे त्याच्या खालच्या दर्जाच्या, चौपट बिंदू असतात, हे खरं. पण सेकंदाला शंभर मेगाबिटनं रेकॉर्डिंग केलं तर एका तासाला ४५ जीबी जागा लागते. दहा दिवसांच्या प्रवासात लोक कार्ड भरलं म्हणून जुनं पुसायला लागतात, आणि पुसलं जातं ते नेमकं कुणाचं तरी बोलणं, कारण त्यात ‘बघण्यासारखं काही नसतं’. साठवायची तयारी असेल तर फोर-के जरूर घ्यावा. नसेल तर फुल एचडीत काहीही कमी पडत नाही.

फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, असंही लेखात विचारलं आहे. दोन-चार मिनिटांच्या चित्रणाला फोन पुरतो. पण घरातलं वडीलधारं माणूस तासभर आठवणी सांगत असताना मध्येच फोन वाजू नये, तापून बंद पडू नये, आणि बॅटरी संपली तर दुसरी घालता यावी, यासाठी कॅमकॉर्डर हवा.

लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे की, पुढच्या लेखाआधी त्यांनी प्रत्येक कॅमेरा वाऱ्यात उघड्यावर न्यावा, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात बोलू द्यावं, आणि त्यातलं किती ऐकू आलं, ते झूमच्या आकड्याशेजारीच छापावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका